नायकाला शाप देऊ नकोस

चि. लेखिकाबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी काल रात्री वाचून झाली. आधी चांगलं सांगते, म्हणजे पुढचं मनाला लागणार नाही. तुला गोष्ट सांगता येते. गौरीच्या जेवणाचा भाग मी दोनदा वाचला. दोघं एकाच पंगतीत वाढतायत, एकमेकांशी अवाक्षर नाही, आणि तो पुतणीला हळूच सांगतो, "काकूच्या पानात तूप नाहीये बघ." त्या एका वाक्यावर तुला पुढचे चार भाग माफ.

आणि हो, "मी आपलं हलकंफुलकं लिहिते" हे सांगत फिरणं बंद कर. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेली बाई काउंटरवर "शेवट गोड आहे ना हो?" असं विचारते, ती काही अडाणी नसते. दिवसभराचं कडू पचवून आलेली असते. तिला गोड शेवट जरूर दे. फुकटचा मात्र देऊ नकोस.

आता तुझ्या नायकाकडे येते. बायको आजारी पडल्यावर हा तिला माहेरी पोचवतो आणि दोन वर्षं तिकडे फिरकत नाही. वाचताना मला त्याची चीड आली आणि तुझं कौतुक वाटलं. मग अठराव्या भागात कळतं की तिचे निरोप सासूनेच दाबून ठेवले होते. झालं! हा सुटला, सगळं पाप म्हातारीच्या माथी.

ही युक्ती फार जुनी आहे. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला चांगली आठवत असते. तिथे अंगठी नाही की दुर्वासांचा शाप नाही. सगळं आठवत असून तो भरसभेत तिला नाकारतो आणि ती तिथेच त्याला खडे बोल सुनावते. आकाशवाणी झाल्यावर राजा कबूल करतो की मला ठाऊक होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. लोक काय म्हणतील, हेच त्याचं कारण! कालिदासाला असा नायक चालणार नव्हता. त्याने शाप आणला, अंगठी आणली, ती गिळायला मासा आणला आणि राजाला धुऊन काढलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेही कालिदासावरूनच. त्यामुळे आपल्या कानामनात बसली ती शापवालीच शकुंतला. मला स्वतःला सभेत भांडणारी जास्त आवडते, पण ते असो.

कालिदास लबाडी करतो, तरी हिशेब बुडवत नाही. अंगठी सापडल्यावर अख्खा सहावा अंक त्याने राजाच्या पश्चात्तापाला दिलाय. राजा वसंतोत्सव बंद करतो, तिचं चित्र काढतो आणि चित्रातल्या भुंग्यालाच दम भरतो. भेट होते सातव्या अंकात, मुलगा सिंहाच्या छाव्याचे दात मोजण्याइतका मोठा झाल्यावर. आणि तिथे राजा तिच्या पाया पडतो. तुझ्याकडे शाप आहे, सहावा अंक नाही. अठराव्या भागात गैरसमज फिटला, एकोणिसाव्यात तो भर पावसात तिच्या दारात, विसाव्यात पेढे. अगं, मधला काळ कुठे गेला?

माझं ऐक, शाप काढून टाक. तो गेला नाही, कारण त्याला आजारपणाचा कंटाळा आला होता. बस. हे लिहायला हात धजावणार नाही, वाचक त्याला सोडून जातील अशी भीती वाटेल. जाणार नाहीत. तो परत कसा येतो हे बघायला थांबतील. फक्त त्याला रडवू नकोस, कामाला लाव. तिच्या तपासण्यांच्या तारखा त्याला पाठ आहेत का? औषधांच्या दुकानातली तिच्या भावाच्या नावावरची उधारी त्याने फेडली का, आणि फेडल्यावर ते सांगत सुटला का?

दुसरं म्हणजे, माफ करायचं की नाही ते तिला ठरवू दे. तुझ्या कथेत ते तिची आई ठरवते, मावशी ठरवते, शेजारच्या काकूसुद्धा ठरवतात. आपल्याकडे ही खोडच आहे. वाल्याची गोष्ट आठव. बायकापोरं पापात वाटेकरी व्हायला नकार देतात, नारदमुनी नाम देतात, वाल्याचा वाल्मीकी होतो. पण ज्यांच्या नावाचे खडे रांजणात पडले, त्यांच्या घरच्यांना कुणी काही विचारलं का? तुझी नायिका त्या खड्यांच्या बाजूची आहे. ती 'नाही' म्हणू शकते, हे वाचकाला शेवटपर्यंत खरं वाटलं पाहिजे. उत्तरकांडात रामाने पुन्हा शपथ मागितली तेव्हा सीतेने धरणीला हाक मारली, आणि म्हणून त्या कथेचे श्रोते काही कमी झाले नाहीत.

आता कोर्टाचं. तुझ्या सतराव्या भागात पहिल्याच तारखेला घटस्फोट होतो. परस्पर संमतीने असला तरी हिंदू विवाह कायद्यात आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज दिल्यावर सहसा सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात, पण त्यालाही कारणं लागतात. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. बघ, कायद्याने तुला सहा महिने आयते दिलेत आणि तू ते एका ओळीत उडवलेस!

आणि हुकूमनामा झालाच असेल, तर नुसतं पेढे वाटून ते पुन्हा नवरा-बायको होत नाहीत. पुन्हा लग्न करावं लागेल. नोंदणी पद्धतीने केलं तर आधी नोटीस, मग तीस दिवस, आणि सहीला तीन साक्षीदार. नोटिशीच्या फॉर्मात वैवाहिक स्थितीचा रकाना असतो. दोघंही तिथे 'घटस्फोटित' लिहिणार, एकमेकांपासूनच! हा प्रसंग तुझ्या पावसापेक्षा दसपट चांगला आहे. सासूवरचा आरोप काढलास तर तिसरी साक्षीदार म्हणून तिलाच बोलावता येईल. तिला आत घ्यायचं की जिन्यात ताटकळत ठेवायचं, ते नायिका बघून घेईल.

सतरा ते वीस हे भाग पुन्हा लिही आणि पुढचे टाकण्याआधी मला पाठव. घाई नाही, पण दिवाळीच्या आत. आईला नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. : पेढे ठेवलेस तर कुठले ते लिही. साताऱ्याचे असतील तर कंदी म्हण, नुसतं 'पेढे' लिहून भागत नाही.