शब्द पटकन पुरवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला मदत करायला जाणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. ‘माझं डी.एड. नाही, मला जमेल का?’ असं विचारलंयस. जमेल. मुंबईत आणि बडोद्यात ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने बालसखींचा कार्यक्रम चालवला, तेव्हा तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवणाऱ्या त्या त्या वस्तीतल्याच मुली होत्या. २००१ ते २००३ या काळात त्या कामाची रीतसर पाहणी झाली आणि सगळ्यात मागे असलेल्या मुलांनाच त्याचा सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला. एकेका मुलाजवळ बसायला त्या मुलींना वेळ होता. भरल्या वर्गात बाईंना नेमका तोच मिळत नाही.

पहिल्या दिवशी काही शिकवू नकोस. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला सांग आणि नुसतं ऐक. खेड्यापाड्यांतली मुलं किती वाचू शकतात हे बघणाऱ्या ‘असर’ या देशभरच्या पाहणीत २००५पासून हेच करतात. त्यात चार पायऱ्या असतात: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडतं, तिथून तुझं काम सुरू. वर्गाने एका सुरात वाचलेलं मात्र खरं मानू नकोस. मागच्या रांगेतलं एखादं पोर शेजारणीच्या ओठांकडे बघत अर्ध्या क्षणाने तोच शब्द उच्चारत असतं. त्याचं बोट पुस्तकात कुठे आहे ते बघ. बरेचदा ते दुसऱ्याच ओळीवर असतं. काही मुलं तर अख्खा धडा पाठ म्हणतात. त्यांना चित्र झाकून धड्याच्या मधलाच एखादा शब्द विचार.

आता नेहमी लागणाऱ्या शब्दांबद्दल. या शब्दांचे तक्ते करून पाठ करून घ्यायचे का, असं तू विचारलंस. मला ते पटत नाही. मराठीत बहुतेक शब्द अक्षराला अक्षर लावून वाचता येतात. ‘मग’, ‘पण’, ‘काय’, ‘आता’, ‘कुठे’ हे मूल स्वतःच्या बळावर वाचू शकतं, आणि ते त्याने तसंच वाचावं. ते ‘घ... र...’ असं सुटं म्हणेल. प्रत्येक अक्षरात ‘अ’ मिसळलेला असतो, त्यामुळे ओळखीचं घरसुद्धा त्याला कानाने ओळखू येत नाही. ‘आता भरभर म्हण’ एवढंच सांग. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ‘घर!’ येतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पहिली वेलांटी मुलांना फार छळते. ती छापलेली असते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची असते नंतर. म्हणून ‘पिशवी’ची ‘पशवी’ होते. वेलांटीवर बोट ठेवून ती झाक, ‘प’ वाचून घे, मग बोट उचल. ‘दिवा’, ‘किती’, ‘विहीर’ असे शब्द या पद्धतीने घेत गेलीस, की वेलांटीची भीती जाते.

थोडेच शब्द असे आहेत, जे आधीच अख्खे ओळखीचे करून द्यावेत. ‘म्हणाला’ बघ. जोडाक्षरं रीतसर शिकवायची पाळी बरीच उशिरा येते, पण कुठलीही गोष्ट उघड, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कोल्हा काहीतरी म्हणालेला असतोच. ‘त्याला’, ‘तिच्या’, ‘माझ्या’ यांचंही तेच. गोष्ट सुरू करण्याआधी हे तीन-चार शब्द फळ्यावर लिही, मोठ्याने वाच, मुलांकडून वाक्यात वापरून घे. मग गोष्टीत ते भेटले की मूल अडखळत नाही. सुटे तक्ते रटून हे साधत नाही. ‘माझ्या’ला अर्थ येतो तो ‘माझ्या दप्तरात’ म्हटल्यावर.

आणि थांबायला शीक. मूल अडलं की तुझ्या जिभेवर तो शब्द येणारच. तो गिळ. मनातल्या मनात पाच आकडे मोज. तरी आलं नाही तर पहिल्या अक्षराकडे बोट दाखव, आणि अगदीच अडलं तरच सांग. शेजारच्या पोरांनाही हीच सवय लाव, कारण शब्द पुरवायची घाई त्यांना तुझ्याहून जास्त असते. जे मूल प्रत्येक शब्दागणिक मान वर करून तुझ्याकडे बघतं, त्याला आजवर कुणीतरी शब्द पुरवत आलेलं आहे.

‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मध्ये तोडू नकोस. त्याने शब्द बरोबर वाचलाय, त्याच्या घरी तो तसाच बोलतात. तिथे टोकलंस तर ते मूल वाचायचंच बंद होईल, आणि ही गोष्ट मला खरोखर सहन होत नाही. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ यांत घोटाळा झाला, तर नुसतं ‘असा शब्द आहे का रे?’ असं विचार. मूल स्वतःच सुधारतं, कारण शब्द त्याच्या तोंडातला आहे.

साहित्य विकत आणू नकोस. शाळेत पोषण आहाराचा फलक असतो. वरण, भात, उसळ, खिचडी हे रोज वाचायचे शब्द आहेत, आणि आज खिचडी आहे की नाही हे वाचायची मुलांना गरजही असते. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चिठ्ठ्या कर. मुलांनी सांगितलेलेच शब्द लिही, बैलाचं नाव असलं तरी चालेल.

वर्गशिक्षिकेला विचारल्याशिवाय मुलांना बाहेर काढून बसवू नकोस. त्या या आठवड्यात कुठली अक्षरं घेतायत ते विचारून घे, तुझे शब्द त्यातूनच निवड.

एक छोटी वही कर. कोण कुठल्या शब्दाशी अडलं, एवढंच लिही. पंधरा दिवसांनी त्यातली दोन-तीन पानं मला फोटो काढून पाठव. मग पुढे काय घ्यायचं ते आपण मुलामुलागणिक ठरवू.

तुझ्या,
बाई