सही राहिलेलं पान

“मॅडम, तिचा मोबाईल काढूनच घेऊ का?”

मी समुपदेशक. फेब्रुवारी लागला की हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि आवाज दबका असतो, कारण वडिलांना अजून सगळं सांगितलेलं नसतं. हा फोन सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून होता. लेक पुण्यात एफवायबीएस्सीला, केमिस्ट्री मेजर, हॉस्टेलवर राहणारी. संक्रांतीला घरी आली ती चार दिवस मोबाईलमधून डोकं वर काढेना. वाणवशाला चल म्हटलं तर “पाच मिनिटं” म्हणायची आणि पाच मिनिटांचा तास व्हायचा. त्यात कॉलेजातून मेसेज आला की प्रॅक्टिकलची हजेरी कमी पडतेय. आईचं निदान पक्कं झालं होतं : गेमचं व्यसन.

तिला मी इथे सायली म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहू का हे तिला विचारलंय. वडील साखर कारखान्यात शिफ्टला जातात. गळीत हंगाम सुरू असला की घरात त्यांची गाठ पडणंही अवघड. बारावीनंतर सायलीनं ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली होती, ७२० पैकी ३०० च्या आसपास मार्क आले. मग “निदान बीएस्सी तरी कर” असं झालं. हा ‘निदान’ शब्द तिच्या बोलण्यात इतक्या वेळा आला की मी तो वहीत वेगळा लिहून ठेवला.

पहिल्या भेटीत मी जे केलं त्याचा उपयोग झाला नाही, ते आधी सांगते. रोज किती तास खेळतेस, असं विचारलं. “पाच. कधी सहा.” मग आम्ही मिळून वेळापत्रक केलं : पाचाचे तीन, तीनाचे दोन. ती सगळ्याला मान हलवत होती. पुढच्या आठवड्यात काहीही बदललेलं नव्हतं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. गेमचे तास मोजणाऱ्या माणसांच्या यादीत मी आणखी एक झाले होते, इतकंच.

ती परत आली ती आईनं रडून पाठवलं म्हणून. त्या दिवशी मी वेळापत्रक काढलंच नाही. म्हटलं, “मला तो गेम दाखव. मला त्यातलं काही कळत नाही, पहिल्यापासून सांग.”

तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि फोन उघडला. २०२० साली आलेला गेन्शिन इम्पॅक्ट. मोठंच्या मोठं जग, डोंगर, बंदरं, आणि पाणी, आग, बर्फ, वीज अशा तत्त्वांच्या एकमेकांवर होणाऱ्या क्रिया. पाण्यानं भिजलेल्या शत्रूवर आग टाकली तर मार दीडपट बसतो, आगीनं पेटलेल्यावर पाणी टाकलं तर दुप्पट. “क्रम बदलला की गुणक बदलतो,” ती म्हणाली. दोन महिन्यांत या मुलीच्या तोंडून एका दमात आलेलं हे पहिलं वाक्य होतं, असं मला नंतर तिच्या रूममेटकडून कळलं.

तिची आवडती व्यक्तिरेखा सुक्रोज. हिरवट केसांची, चष्मा लावणारी, लोकांशी बोलताना गडबडणारी किमयागार मुलगी. तिच्या एका शक्तीच्या नावातच ६३०८ हा आकडा आहे. सायलीच्या मते तो प्रयोगाचा क्रमांक. “म्हणजे मॅम, आधीचे ६३०७ फसलेत. आणि ती ते लपवत नाही.”

मग तिनं पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. मी ती वही विसरणार नाही. पट्टीनं आखलेले तक्ते, प्रत्येक व्यक्तिरेखेला कोणती शस्त्रं, त्यांचे आकडे, कोणत्या जोडीला किती मार बसला. तीनदा मोजून सरासरी. एके ठिकाणी लाल पेननं : ‘आज १७ वेळा, एकही कामाचं नाही.’ खाली तारीख. मध्येमध्ये सुक्रोजची पेन्सिलनं काढलेली चित्रं. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरच्या गटात ती दुसऱ्याच नावानं ओळखली जाते, आणि इंदूर, गुवाहाटी, थेट मनिलातली मुलंमुली आकडेमोडीसाठी तिला विचारतात. वर्गात एकशेवीस जणांत तिचं नाव माहीत असलेली माणसं तीन.

“आणि कॉलेजचं जर्नल?” मी विचारलं.

तेही त्याच पिशवीत होतं. पहिले चार प्रयोग नीट, प्रत्येकाखाली सही. पाचव्या पानावर निरीक्षणाचा तक्ता पेन्सिलनं लिहून खोडलेला, परत लिहून परत खोडलेला. कागद इतका झिजला होता की मागचं अक्षर दिसत होतं. त्यानंतर कोरी पानं.

पाचवा प्रयोग पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनचा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजण्याचा. ज्यांनी केलाय त्यांना आठवेल : कोनिकल फ्लास्क गरम करायचा, साठ-सत्तर अंशांपर्यंत, ब्युरेटमधून, म्हणजे आकडे आखलेल्या उभ्या काचनळीतून, जांभळं द्रावण थेंबथेंब सोडायचं, आणि न जाणारा फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. तीन रीडिंग जुळली पाहिजेत, त्याला मुलं सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणतात. सायलीची आली १०.१, १०.६ आणि ९.८. “जुळत नाहीत, परत कर,” असं तिला सांगण्यात आलं. तोवर बॅचची वेळ संपली होती. शेजारणीनं स्वतःचं १०.२, १०.२, १०.२ उतरवून घे म्हणून सांगितलं. सायलीनं ते उतरवलं, खोडलं, परत उतरवलं, परत खोडलं. पुढच्या आठवड्यात मागच्या पानावर सही नाही म्हणून नव्या प्रयोगावरही सही झाली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती प्रॅक्टिकलला गेली नाही. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, हे तिला माहीत होतं. म्हणून तर जाण्याची आणखी भीती.

मी तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. खोडलेलं पान जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं. खेळ तासावरून पाच तासांवर गेला तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

म्हणून मी आयांना हल्ली सांगते, खेळणं कधी वाढलं हे विचारण्याआधी काय थांबलं ते शोधा. सायलीचं पहिल्यांदा जे थांबलं ते एक पान होतं. एका सत्राला २२ क्रेडिट, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, सकाळी साडेसातचं प्रॅक्टिकल, मेसची रांग, सगळी पाठ्यपुस्तकं इंग्रजीत. या सगळ्यात संध्याकाळपर्यंत ‘झालं’ असं म्हणता येईल असं काहीच उरत नव्हतं. गेममध्ये रोजची चार कामं असतात, ती अर्ध्या तासाच्या आत संपतात, आणि संपली की संपल्याचं दिसतं. दिवसभरात पूर्ण झालेली तिची तेवढीच एक गोष्ट होती. तीही आम्ही काढून घ्यायला निघालो होतो.

याचा अर्थ खेळण्यानं काही बिघडलं नव्हतं, असा नाही. झोपेचं वाटोळं झालं होतं. तिच्या सर्व्हरवर नवा दिवस सुरू होतो आपल्याकडच्या रात्री दीड वाजता. ती त्यासाठी जागी राहायची, नवी चार कामं उरकायची आणि मग गटात बोलत बसायची. झोपायला तीन. साडेसातला लॅब. हात थरथरणारच, आणि परमँगनेटचा शेवटचा थेंब हाताच्या थरथरीला माफ करत नाही.

इथे मला तिचाच हिशेब कामी आला. गेममध्ये रेझिन नावाची ऊर्जा लागते. ती दर ८ मिनिटांना एक भरते आणि २०० ला थांबते. थांबली की पुढची वाया, ही तिची भीती. मी म्हटलं, “मला गुणाकार करून दाखव.” २०० गुणिले ८, सोळाशे मिनिटं. म्हणजे २६ तास ४० मिनिटं. तिनं पेन खाली ठेवला. रात्री नऊला सगळी वापरली तर ती दुसऱ्या रात्री अकरा चाळीसपर्यंत भरतच राहते. दीड वाजता जागं राहून तिच्या पदरात काहीच जास्त पडत नव्हतं. रोजची चार कामंही नऊला होतात. “मी हे इतके दिवस मोजलंच नाही,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. वहीभर आकडेमोड करणाऱ्या मुलीला हे सुचलं नव्हतं, कारण रात्रीच्या त्या जागण्याचा रेझिनशी संबंध नव्हताच. सकाळ लांबावी म्हणून ती जागत होती.

तेव्हा आम्ही ठरवलं ते एवढंच : खेळ नऊ ते साडेदहा, आणि फोन रूममेटच्या कपाटात. गट सोडायचा नाही, चित्रं बंद करायची नाहीत. आणि सोमवारी पाचव्या प्रयोगाचं पान घेऊन सरांकडे जायचं. काय बोलायचं ते आम्ही लिहून काढलं, कारण तोंडातून शब्द फुटणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. “सर, माझी रीडिंग जुळली नाहीत. मी दुसऱ्याची उतरवली होती, ती खोडली. मला परत करायचंय.” तीन वाक्यं. ती तिनं माझ्यासमोर आठ वेळा म्हटली. पहिल्या चार वेळा तिसऱ्या वाक्याला रडली.

सोमवारी ती गेली नाही. बुधवारी गेली. सर म्हणाले, “शनिवारी रिपीट बॅच आहे, ये.” बस. सहा आठवडे तिनं ज्या प्रसंगाची भीती बाळगली, तो अर्ध्या मिनिटात संपला.

रीडिंग का जुळत नव्हती, हे तिनं शनिवारी स्वतः शोधलं. एक तर फ्लास्क मध्येच गार होत होता. तापमान उतरलं की क्रिया मंदावते, रंग पटकन जात नाही आणि टायट्रेशन संपल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे ती कधी मेनिस्कसची, म्हणजे नळीतल्या द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची, खालची कड वाचत होती, कधी वरची. परमँगनेट इतकं गडद की खालची कड धड दिसतच नाही, वरचीच वाचायची असते. जुनी तीन रीडिंग तिनं पेननं परत लिहिली, शेजारी कारण लिहिलं, आणि खाली नवी तीन. सही त्याच पानावर झाली. मी ते पान पाहिलंय. झिजलेल्या कागदावर शाई फुटून पसरली आहे.

आईशी मी वेगळं बोलले. त्यांना ‘व्यसन’ हा शब्द हवा होता, कारण व्यसन असेल तर औषध असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ अधिकृतपणे आहे, हे खरं. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, आणि यामुळे शिक्षण, घर, आरोग्य यांत मोठी पडझड होणं, हे सगळं साधारण वर्षभर दिसावं लागतं. सायलीचे दोन महिने होते आणि त्याला धरून एक कारण होतं. काही मुलांचं खरोखर त्या यादीतलं असतं. मूल आंघोळ-जेवण सोडतं, पैसे चोरतं, फोन घेतला तर अंगावर येतं किंवा मरणाची भाषा करतं, तेव्हा मी वाट पाहत नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवते. ज्यांच्या गावात डॉक्टर नाही त्यांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर देते. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

“मग मी करू काय, ताई?” आई म्हणाल्या. एव्हाना मॅडमची ताई झाली होती.

मी म्हटलं, रोज रात्री तुम्ही “अभ्यास झाला का, खेळत तर नाहीस ना” असं विचारता, ते पंधरा दिवस बंद करा. त्याऐवजी लॅबमध्ये काय केलं ते विचारा. कळलं नाही तरी चालेल.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. मॅथ्स मायनरचा पेपर राहील असं तिला स्वतःलाच वाटतंय. मध्यंतरी एकदा ती परत तीनपर्यंत जागली, गेमचं साधारण दर ४२ दिवसांनी येणारं नवं व्हर्जन आलं त्या रात्री. तिनं ते मला आपणहून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबलाही गेली. जर्नलची दोन पानं अजून बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात आईंचा फोन आला. या वेळी आवाज दबका नव्हता. सायली दोन दिवस घरी गेली होती. जेवताना वडिलांनी फोनवरच्या चित्राकडे बोट दाखवून ही कोण म्हणून विचारलं. सायलीनं नाव सांगितलं. वडील म्हणाले, “सुक्रोज? अगं, सुक्रोज म्हणजे आपली साखर. आमच्या लॅबला दिवसभर तेच मोजतात.” सतरा-अठरा वर्षं ते त्या कारखान्यात आहेत आणि लेकीनं कारखान्याची लॅब कधी पाहिली नव्हती. केमिस्ट्री घेतलेली असून. पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, चार दिवस होते, म्हणून दुसऱ्याच सकाळी ते तिला मोटरसायकलवरून घेऊन गेले. तिथल्या केमिस्ट साहेबांनी तिला पोलॅरिमीटरला डोळा लावून उसाच्या रसातली पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, कशी वाचतात ते दाखवलं.

“तासभर उभी होती म्हणे,” आई म्हणाल्या. “हे बाहेर थांबले होते शिफ्ट संपवून. आली तर म्हणाली, पप्पा, मी पण एक रीडिंग घेतलं, साहेबांच्या रीडिंगपेक्षा थोडं वेगळं आलं. मग दोघं घरापर्यंत तेच बोलत आले.”