भूदृश्य, देखावा की परिसर?

प्रश्न असा आला आहे: ‘मुलगी आर्किटेक्चर पूर्ण करून आता लँडस्केप आर्किटेक्चर शिकायला चालली आहे. तिची आजी रोज विचारते, म्हणजे नक्की काय करणार गं तू? मी “बागकामातलं मोठं शिक्षण” असं सांगितलं, तर मुलगी दोन दिवस धड बोलली नाही. फोनवर शोधलं तर “भूदृश्य स्थापत्य” असा शब्द मिळाला. तो बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?’

आधी मुलीची बाजू घेतो. बागकाम हलकं आहे म्हणून नाही (चांगला माळी मिळणं आता चांगला डॉक्टर मिळण्याइतकं अवघड झालं आहे), पण तिचं काम माळ्याच्या बरंच आधी सुरू होतं. जमिनीला ढाळ कुणीकडे आहे, पावसाचं पाणी कुठून शिरतं आणि कुठे तुंबतं, वरची कसदार माती किती खोल आहे, दुपारी सावली कुठवर येते, लोक कुठून कुठे चालत जातात, हे सगळं मांडून झालं की शेवटी झाडांचा नंबर लागतो. ‘बागकाम’ म्हटलं की ती चिडते ते या शेवटच्या पायरीलाच सगळा जिना समजल्यामुळे.

आता ‘स्थापत्य’. हा शब्द मी बाद करतो. हेमाडपंती स्थापत्य, मुघल स्थापत्य असं आपण म्हणतो खरं, पण आजच्या व्यवहारात स्थापत्य अभियंता म्हणजे सिव्हिल इंजिनिअर. आर्किटेक्टला आपण वास्तुविशारद म्हणतो. ‘भूदृश्य स्थापत्य’ ऐकून आजींना नात पूल बांधणार असं वाटेल. मग ‘वास्तू’ घ्यावा, तर त्याच्यावर ईशान्य कोपऱ्याचं आणि स्वयंपाकघराच्या दिशेचं इतकं ओझं पडलं आहे की विचारू नका. वाईट याचं वाटतं की मूळ शब्द फार उदार होता. ‘मयमत’ या जुन्या शिल्पग्रंथात वास्तूचे चार प्रकार सांगितले आहेत: भूमी, प्रासाद, यान (वाहन) आणि शयन (पलंग). त्यात मुख्य मानली आहे ती भूमी. म्हणजे घर ही वास्तू आहेच, पण त्याआधी जमीन ही वास्तू आहे. हा अर्थ मराठीत जिवंत राहिला असता तर तुमचा प्रश्नच उद्भवला नसता.

राहिलं ‘भूदृश्य’. लँडस्केपला हा प्रतिशब्द बऱ्यापैकी रुळला आहे आणि छापील मजकुरात तो वापरला तर कोणी चूक काढणार नाही. माझी अडचण त्यातल्या ‘दृश्या’शी आहे, आणि खरं सांगायचं तर ती अडचण इंग्रजीतूनच आली आहे.

लँडस्केप हा शब्द इंग्रजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचांकडून उचलला. डच भाषेत त्याचा जुना अर्थ मुलूख, टापू असा साधा होता. पण इंग्रजीत तो आला चित्रकारांच्या बोलीतून, म्हणून तिथे त्याचा पहिला अर्थ झाला ‘गावाबाहेरच्या निसर्गाचं चित्र’. मग चित्रात शोभेल असा देखावा, आणि त्यानंतर कधीतरी प्रत्यक्ष जमीन. अठराव्या शतकात इंग्लंडचे जमीनदार आपल्या जहागिरी चित्रासारख्या दिसाव्यात म्हणून टेकाडं उपसू लागले, ओढे अडवून तळी करू लागले. मुलुखाचं चित्र झालं होतं, आता चित्राचा मुलूख करायचा होता. (प्रिंटवाला ‘लँडस्केप काढू का?’ विचारतो तेव्हा कागद आडवा घ्यायचा असतो, तेही याच चित्रांमुळे.)

‘लँडस्केप आर्किटेक्चर’ ही जोडी १८२८ साली एका स्कॉटिश लेखकाच्या पुस्तकाच्या नावात आली. तिथेही विषय होता इटालियन चित्रकारांच्या चित्रांतल्या इमारती! व्यवसायाला ते नाव चिकटलं ते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमुळे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीचा आराखडा तिथे १८५८ साली निवडला गेला. गंमत म्हणजे ज्याला या व्यवसायाचा जनक म्हणतात त्या ओल्मस्टेडला हे नाव अजिबात आवडत नव्हतं. १८६५ साली व्हॉक्सला लिहिलेल्या पत्रात त्यानं तक्रार केली आहे की लँडस्केप हा शब्द चांगला नाही, आर्किटेक्चरही नाही, आणि दोघांची जोडी तर नाहीच. तेव्हा मराठीत शब्द सापडत नाही म्हणून आपण फार खजील व्हायचं कारण नाही.

या माणसाचं काम पाहिलं की ‘दृश्य’ का अपुरं पडतं ते कळतं. सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं. शहराची वाहतूक त्यातून आडवी जाणारच होती. यांनी ते चार रस्ते खोल खणून खालून नेले, म्हणजे हिरवळीवर चालणाऱ्याला घोडागाड्या दिसतच नाहीत. तिथली तळी मानवनिर्मित आहेत, दलदलीचा निचरा करून आणि जमीन खोदून केलेली. पुढे बॉस्टनमध्ये बॅक बे फेन्स नावाची जागा ओल्मस्टेडनं केली. पाहणाऱ्याला ती खाडीकाठची दलदल वाटावी, पण मुळात ते काम होतं पुराच्या पाण्याचा आणि सांडपाण्यानं सडलेल्या खाडीचा बंदोबस्त करण्याचं. म्हणजे यातलं निम्मं कौशल्य न दिसण्यात आहे, आणि आपण त्याचं नाव ठेवतो ‘दृश्य’.

आपल्याकडे या नावानं काय घोटाळा होतो तेही सांगतो. आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात ‘भव्य लँडस्केपिंग’ असं छापलं होतं. निघालं काय, तर पार्किंगच्या स्लॅबवर वीतभर माती, तिच्यावर लॉन आणि बारा पाम. दृश्य छान होतं. पहिल्याच पावसात कळलं की लॉनचा ढाळ जिन्याकडे आहे. तेव्हापासून लँडस्केपिंग म्हणजे देखावा, या मताचा मी झालो. ‘देखावा’ हा आपला शब्द किती अचूक आहे पाहा: शाळेत दोन डोंगरांमधला सूर्य काढायचा तो देखावा, गणपतीपुढे मांडतात तो देखावा, आणि नुसतं वरवरचं असेल तर तोही देखावाच.

जमिनीच्या रचनेची भाषा मराठीत आहे, आणि भरपूर आहे. ती बागेच्या पुस्तकांऐवजी शेतात आणि गवंड्याच्या तोंडी सापडते. तुमची मुलगी ‘ग्रेडिंग’ म्हणेल, गवंडी ‘ढाळ काढणं’ म्हणतो. जमिनीतल्या सौम्य खोलगट भागाला ‘लवण’ हा सुंदर शब्द आहे, मिठाशी त्याचा काही संबंध नाही. डोंगरउतारावर पायऱ्या पाडून भातखाचरं करणं म्हणजे ‘मजगी’, कृषी खात्याच्या कागदांतही तोच शब्द. शाळेच्या भूगोलात कंटूरला ‘समोच्च रेषा’ म्हणतात, पण पाणलोटाच्या कामावर कुदळ घेऊन उभा असलेला माणूस ‘सलग समतल चर’ म्हणतो आणि त्याला त्याचा अर्थ पाठ्यपुस्तकवाल्यापेक्षा जास्त कळतो. कोकणात सुक्या दगडांचा रचलेला तो गडगा, काट्याकुट्यांची ती वई. गोव्याच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींत, तर खाडीचं खारं पाणी बांधानं अडवतात आणि बांधातल्या ‘मानशी’ची, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीची, लाकडी दारं भरती-ओहोटीच्या जोरावर आपोआप मिटतात आणि उघडतात. एकाच रचनेत भात, मासळी आणि पूरनियंत्रण.

आणि पाणलोटवाल्यांचं ‘माथा ते पायथा’? कामाला सुरुवात टेकडीच्या माथ्यावरून करा. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला, थांबलेल्याला मुरायला. हा लँडस्केप आर्किटेक्चरचा पहिल्या सत्राचा धडा आहे, फक्त तिथे त्याला इंग्रजी नाव असतं.

तर मग नाव काय? माझं मत ‘परिसररचना’ या शब्दाला. परिसर म्हणजे आसपासची जागा हे सगळ्यांना कळतं; तिसरी-चौथीतल्या ‘परिसर अभ्यास’मुळे मुलांनाही. शिवाय त्याच्या पोटात ‘सृ’ हा धातू आहे, सरकणं, वाहणं या अर्थाचा. सरिता त्यातूनच आली. संस्कृतात नदीच्या, डोंगराच्या, गावाच्या लगतची जमीन तो परिसर. म्हणजे ज्या पाण्याच्या ओघापासून या विषयाची सुरुवात व्हायला हवी तो ओघ शब्दातच आहे. दोष आहेच: ‘शिवाजीनगर परिसरात पावसाच्या सरी’ छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी तो फार सैल करून ठेवला आहे. ‘स्थळरचना’ही सुचवून पाहिला होता. घरात म्हणाले, मुलीच्या बाबतीत ‘स्थळ’ हा शब्द नको.

कार्डावर तिला ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ असं देवनागरीत खुशाल छापू द्या. डॉक्टर आणि वकील छापतात तसं. आजींना मात्र व्याख्या सांगू नका. त्यांना म्हणा, घराबाहेर पडणारं पाणी कुठे जावं, वाट कुठून असावी आणि सावली कुठे पडावी हे ठरवणारी. त्या लगेच विचारतील, मग आपल्या मागीलदारी दर पावसाळ्यात पाणी का साचतं? ते मुलीनं सांगावं.