खोडलेलं ९.६९

बडोदा

चि. यास अनेक आशीर्वाद.

पुस्तकं दर पिढीला बदलतात, मग विज्ञानात खरं ते काय, असं तू विचारलंस. सोबत जर्नलचं पान पाठवलंस हे बरं केलंस. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं (पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, त्याचं) उत्तर ९.६९ आलं, त्यावर रेघ मारून ९.८१ लिहिलंयस. खोडायचं नाही रे!

९.८१ हा मुळात बडोद्याचा आकडाच नाही. आपल्या २२ अंश अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९.७९ च्या आसपास असतं. ९.८१ पॅरिसकडचं. म्हणजे जुळवाजुळव केलीस तीही परक्या गावाशी.

९.६९ का आलं? लंबकाची लांबी तू गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजलीस, १०० सेंमी. ती गोळ्याच्या मध्यापर्यंत हवी. गोळा २ सेंमी व्यासाचा, म्हणजे १ सेंमी राहून गेला आणि उत्तर एक टक्क्याने घसरलं. १०.८ आलं असतं तर मोजणीवर संशय घ्यायचा: स्टॉपवॉच दाबताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलं की ‘वीस’ येईपर्यंत एकोणीसच आंदोलनं होतात. शिवाय वीस आंदोलनांच्या ४० सेकंदांत बोट ०.२ सेकंदाने चुकलं तरी उत्तर ०.१ ने हलतं, म्हणून आंदोलनं १०० घे. झोक्याचा कोन ५ अंशांच्या आत ठेव. हे सगळं ९.६९ मुळे कळलं. ते खोडलंस तर काय कळणार?

आता तुझा मोठा प्रश्न. १६७२ मध्ये ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. तिथे ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाचा लंबक (ज्याच्या एका बाजूच्या झोक्याला एक सेकंद लागतो तो) जवळजवळ ३ मिलिमीटर आखूड करावा लागला. त्याने ते लिहून ठेवलं, खोडलं नाही. उष्णतेने दांडी लांबली असेल, ही शंका होतीच. न्यूटनने हिशेब करून दाखवला की तेवढ्याने भागत नाही, तिथे गुरुत्वच कमी आहे, म्हणजे पृथ्वीच विषुववृत्तापाशी फुगीर असली पाहिजे. तरी वाद मिटला नाही. कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये केलेल्या मोजणीतून नेमकं उलट, ध्रुवांकडे लांबट पृथ्वी निघाली! ध्रुवांपाशी पृथ्वी चपटी असेल तर तिकडे अक्षांशाच्या एका अंशाचं अंतर जास्त भरायला हवं. १७३६-३७ मध्ये युरोपच्या उत्तर टोकाकडच्या लॅपलँडला जाऊन फ्रेंचांनी ते मोजलं, ते फ्रान्सपेक्षा मोठं भरलं, तेव्हा न्यूटनचं पारडं जड झालं.

मग ‘पृथ्वी गोल’ खोटं ठरलं का? दोन व्यासांत फरक ४३ किलोमीटरचा, तोही पावणेतेरा हजारांत. जुन्यात तेवढी दुरुस्ती झाली, इतकंच.

तेव्हा ती रेघ राहू दे. शेजारी सुवाच्य अक्षरात पुन्हा ९.६९ लिही, तारीख घाल, गोळ्याचा व्यास व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) घेऊन प्रयोग परत कर. मार्क कापतील म्हणतोस? कापू देत. हवं तर म्हाताऱ्याचा हट्ट समज.