लातूरमध्ये डे-लिलीची निरोगी रोपं कुठे मिळतील? फुलावर आलेलीच घ्यावीत का?

दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात अजूनही वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचे दाजी फूल बघूनच रोप उचलतात. मागच्या पावसाळ्यात त्यांच्यासोबत एका नर्सरीत गेलो होतो. आंध्रातल्या कडियमहून आलेला माल, पिशवीत लाल मातीचा घट्ट गोळा, वर केशरी फुलं. मी म्हणालो, पिशवी काढून मुळं दाखवा. नर्सरीवाल्याचं तोंड वाकडं झालं आणि दाजी उलट मलाच म्हणाले, "ओ मेव्हणे, कशाला उगं किटकिट करलालाव?"

मी तरीही बोटानं माती सारली. पानं जिथून फुटतात तो गड्डा कांद्यासारखा टणक लागायला पाहिजे. हा अंगठ्याखाली पचकला, तपकिरी पाणी आलं, कुजका वास सुटला. मधलं पान ओढलं तर बुडातून निघून हातात आलं. फूल मात्र टवटवीत! डे-लिलीच्या जाड मुळांत साठा असतो, त्यावर दांडा फुलतो. खाली सड लागलेली वर लगेच कळत नाही. शिवाय एक फूल टिकतं एकच दिवस, त्यावरून तब्येत काय ओळखणार?

दाजींनी तीच रोपं घेतली. काळ्या मातीत सपाट लावली, झड लागली, गेली. ते म्हणतात पावसानं गेली. मग आमच्या दारातली कशी राहिली? (आमची उंच वाफ्यावर आहेत हे खरं, पण मुद्दा तो नाही.)

पानाची खालची बाजू पांढऱ्या रुमालानं पुसून बघा. केशरी भुकटी लागली की तांबेरा समजा आणि रोप ठेवून द्या. "लाल मातीची धूळ आहे" म्हणतील. धूळ पानावर वरून बसते, तांबेऱ्याचे फोड बहुधा खालून येतात. घरी आणल्यावरही महिनाभर जुन्या झाडांपासून लांब ठेवा. पानं बारमाही हिरवी राहणारा प्रकारच मागा. काही जातींना कडाक्याची थंडी लागते, ती लातुरात कुठून आणणार?

कुठे मिळतील म्हणाल तर नर्सरीपेक्षा ओळखीच्या घरचं, पावसाळा काढलेलं बेट बघा आणि फुटवे मागून घ्या.

हां, विशिष्ट रंगच हवा असेल तर फूल बघावंच लागतं, तेवढं दाजींचं बरोबर. पण मग त्या फुटव्याला दोरा बांधून ठेवा आणि बहर सरल्यावर खणून आणा. ऑनलाइन निळ्या डे-लिलीचे फोटो दिसतील, त्यावर पैसे घालवू नका. डे-लिलीत खरा निळा रंग नाहीच. दाजींनी त्याचंही बी मागवलंय.