लॉस एंजेलिसमध्ये शाळेजवळच्या फुटपाथवर तंबू टाकून राहायला बंदी आहे का?

हो, लॉस एंजेलिस शहरात शाळा किंवा पाळणाघरापासून 500 फुटांच्या आत, म्हणजे साधारण दीडशे मीटरपर्यंत, फुटपाथवर तंबू टाकणं, बसणं-झोपणं किंवा सामान मांडणं बेकायदा आहे. हे शहराच्या म्युनिसिपल कोडचं कलम 41.18. त्यात शाळांचा मुद्दा सिटी कौन्सिलने ऑगस्ट 2022 मध्ये 11 विरुद्ध 3 मतांनी घातला. बागा, वाचनालयांसाठी एकेका जागेचा वेगळा ठराव लागतो, शाळांना नाही. त्यामुळे तुमच्या शाळेचा ठराव झालाय का हे शोधत बसू नका. बेघरांना निवाऱ्यात जागाच नसेल तर उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करता येत नाही, हा 2018 चा बॉइसी शहराविरुद्धच्या खटल्यातला निकाल पूर्वी आडवा येई. 28 जून 2024 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात तोही 6-3 ने मोडीत काढला. मात्र हा नियम शहराच्या हद्दीपुरताच. सांता मोनिका, पासाडेना ही वेगळी शहरं, त्यांचे नियम वेगळे. आपली माणसं सरसकट सगळ्यालाच ‘एलए’ म्हणतात, म्हणून आधी शाळेचा पत्ता कुठल्या शहरात येतो ते पाहा. लॉस एंजेलिसचाच असेल तर 311 या शहराच्या सेवा क्रमांकावर कळवा.