अंगठ्याचा थ्रॉटल बसवायचाय? वायरीचा रंग बघू नका, मीटर लावा

या वेळी बहुतेक पत्रं बॅटरीच्या गाड्यांची आहेत आणि त्यातली निम्मी थ्रॉटलची (गाडीचा वेग कमी-जास्त करायची मूठ किंवा दांडी), म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : राम राम भाऊ. आमच्या नानांचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं पण मूठ पिळायला अजून जोर येत नाही, म्हणून त्यांच्या स्कूटरला (४८ व्होल्ट, मागच्या चाकातच मोटर, बिननंबरची साधी गाडी) ऑनलाईन अंगठ्याचा थ्रॉटल मागवला. जुन्याला लाल, काळी, हिरवी अशा तीनच वायरी होत्या, नवीनला लाल, काळी, पांढरी आणि वरून पिवळी नि निळी, कारण त्याच्यावर बॅटरीचे लाईट आणि चावी पण आहे. मेकॅनिकने लालला लाल, काळ्याला काळी आणि हिरवीला पांढरी जोडून दिली, बाकी दोन तशाच सोडल्या. गाडी चालते पण सुरुवातीला दाबलं तर काहीच होत नाही आणि मग एकदम उसळते. दुपारी तर अंगठा सोडला तरी चाक हळूहळू फिरतच राहतं, आणि बंद करून परत चावी फिरवली की गाडी मुकाट उभी, हलतच नाही. थ्रॉटल खराब की कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा)? मेकॅनिक म्हणतो दोन्ही बदला.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : काहीच बदलू नका भाऊ, आधी खर्च थांबवा. थ्रॉटलच्या आत एक तीन पायांचा काळा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) असतो आणि अंगठ्याने दाबायच्या दांडीला लोहचुंबक. दांडी दाबली की चुंबक सेन्सरसमोरून सरकतो आणि सिग्नलच्या वायरीवरचा व्होल्टेज वाढतो, बस, एवढंच. कंट्रोलर ५ व्होल्टच्या आसपास सप्लाय देतो, अंगठा सोडलेला असताना सिग्नलवर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट दिसतात आणि पूर्ण दाबल्यावर ३.६ ते ४.२. मूठ पिळायची असो नाहीतर अंगठ्याची, कंट्रोलरला तो आकडाच तेवढा कळतो.

आता तुमची दुपारची तक्रार बघा. सोडल्यावर चाक फिरत राहतं म्हणजे व्होल्टेज खाली येत नाहीये, आणि परत चावी फिरवल्यावर गाडी हलत नाही कारण चालू होतानाच सिग्नल वर दिसला तर बरेच कंट्रोलर सुरक्षेसाठी मोटर बंदच ठेवतात. म्हणजे कंट्रोलर शहाणा आहे, दांडी अडकतेय. जाऊन बघा, नव्वद टक्के असं निघतं की थ्रॉटलचा क्लॅम्प मरेस्तोवर आवळलाय किंवा बाजूची रबरी मूठ त्याला घासतेय, आणि आपल्याकडच्या उन्हात तापून रबर मऊ झालं की अजूनच चिकटतं. मूठ दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा, क्लॅम्पचा स्क्रू दांडी मोकळी फिरेल इतकाच आवळा. अंगठा हळूच सोडून बघा, स्प्रिंगने टक् आवाज करत परत यायला पाहिजे. ब्रेकच्या लिव्हरलाही टेकत नाही ना ते बघा.

तरी शंका असेल तर थ्रॉटल गाडीवरून काढून टेबलावर तपासा. मोबाईलच्या चार्जरची एखादी जुनी केबल कापा, आतली लाल म्हणजे ५ व्होल्ट आणि काळी म्हणजे निगेटिव्ह, पण स्वस्तातल्या केबलीत रंगांवर पण विश्वास नको, आधी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून खात्री करा, उलटं दिलं तर सेन्सर जातो. मग थ्रॉटलच्या लाल-काळीला ते द्या, मीटरची काळी काडी निगेटिव्हला आणि लाल काडी सिग्नलच्या वायरीला लावून दांडी अगदी हळू दाबत जा. आकडा न अडखळता चढला पाहिजे आणि सोडल्यावर दर वेळी त्याच जागी येऊन थांबला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल किंवा कधी ०.८ तर कधी १.३ वर थांबत असेल तर मात्र थ्रॉटल दुकानदाराला परत करा. एकदा सकाळी बघा आणि एकदा उन्हात ठेवून दुपारी, कारण तापल्यावर आकडा थोडा सरकतो आणि जळगाव-भुसावळचा मे महिना कुठल्या कारखान्याने डोळ्यासमोर ठेवलेला नसतो.

सुरुवातीला काहीच होत नाही, तो दोष नाहीच. साध्या कंट्रोलरमध्ये मोटर साधारण १ व्होल्टच्या वर कुठेतरी सुरू होते, ते कारखान्यातच ठरवलेलं असतं आणि आपल्याला बदलता येत नाही. ती मोकळी जागा मुद्दाम ठेवतात, नाहीतर थ्रॉटलच्या जरा हेलकाव्यावर गाडी पळाली असती. उसळी कमी करायची तर तीन स्पीडचं बटण असेल ते एकवर ठेवून द्या, नानांना गल्लीतून बाजारापर्यंत तेवढं पुष्कळ.

आता पिवळी आणि निळी. मेकॅनिकने त्या सोडल्या हे त्याने फार चांगलं केलं. लाईट आणि चावीवाल्या थ्रॉटलमध्ये एखाद्या वायरीवर बॅटरीचा अख्खा व्होल्टेज येतो, ४८ च्या बॅटरीला फुल चार्ज असताना ५४ च्या आसपास, आणि कुठल्या रंगावर येतो ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. ती चुकून ५ व्होल्टच्या लाईनीला लागली तर सेन्सर आणि कंट्रोलर दोन्ही एका क्षणात गेले. लाईटशिवाय काम भागतंय ना, मग दोघींच्या टोकांना वेगवेगळी हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवून बांधून टाका. काळी टेप नको, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि धुळीचा चिकट गोळा होऊन बसतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळी वायर. लाल तुटली तर गाडी बंद पडते, पण काळी तुटली तर सेन्सरचा सिग्नल खाली येण्याऐवजी वर सरकतो आणि काही कंट्रोलरना वाटतं की अंगठा पूर्ण दाबलाय. ही वायर तुटते ती हँडलच्या मानेपाशी, कारण तिथेच ती रोज वाकते. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून बघा, वायर कुठेच ताणली जाता कामा नये, जॉइंट पिळून नको तर सोल्डर करून घ्या. आणि पहिली टेस्ट गाडी मेन स्टँडवर लावून, मागचं चाक हवेत ठेवूनच. चाक फिरत असताना ब्रेक दाबला की मोटर बंद होते का ते बघा. होत नसेल तर ब्रेकचा स्विच नीट झाल्याशिवाय नानांच्या हातात गाडी देऊ नका.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे, स्कूटरला वेस्क कंट्रोलर (ॲपवरून सेटिंग करता येणारा) टाकलाय. थ्रॉटल लावला तर ॲपमध्ये पूर्ण दाबूनही शंभर टक्के येत नाही आणि सोडला तरी तीन-चार टक्के दाखवतो. कॅलिब्रेशन कसं करू?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : आधी थांब, थ्रॉटलला सप्लाय कुठून दिलायस? वेस्कच्या बऱ्याच बोर्डांवर एडीसीची पिन (थ्रॉटलचा व्होल्टेज मोजणारी) ३.३ व्होल्टचीच असते, ५ व्होल्टवर चालणारा थ्रॉटल तिथे ४ व्होल्ट टाकेल ते तिला झेपणार नाही. एकतर थ्रॉटललाच ३.३ व्होल्ट दे, सप्लाय कमी केला की सिग्नल त्याच प्रमाणात कमी होतो आणि हे सेन्सर बहुतेक तेवढ्यावर चालतात. नाहीतर सिग्नलच्या वायरीत १० किलोओहम आणि तिथून ग्राउंडला २० किलोओहम लावून मधून सिग्नल घे, ४.२ चे २.८ होतात.

मग ॲपमध्ये एडीसीच्या पानावर लाईव्ह व्होल्टेज बघ. सोडलेला असताना ०.५७ दिसत असेल तर सुरुवात ०.६५ ते ०.७ वर ठेव, पूर्ण दाबल्यावर २.८ दिसत असेल तर शेवट २.७ वर. दोन्हीकडून थोडं आत, म्हणजे ऊन असो की थंडी, शून्य ते शंभर पूर्ण मिळतं. त्यावर डेडबँड (सुरुवातीची मोकळी जागा) थोडा ठेवायचाच, शून्य करून मर्दुमकी दाखवू नकोस. सेफ स्टार्ट (थ्रॉटल दाबलेला असताना गाडी सुरू होऊ न देणारं सेटिंग) चालूच राहू दे, आणि कर्व्ह, म्हणजे किती दाबल्यावर किती जोर याची रेषा, जरा मंद सुरू होणारा ठेव, अंगठ्याची चाल मुठीपेक्षा खूप कमी असते त्यामुळे सरळ रेषेवर गाडी झटके देते. चाक हवेतच ना? बरं.

प्रश्न : भाऊ, गाडी अंगणातून ओसरीवर चढवताना अंगठा लागतो आणि गाडी पळते, एकदा तुळशीवृंदावनालाच धडकली. जुनी मूठच बरी का?
– एक ताई, रावेर

उत्तर : मूठ पण तशीच पळते ताई, हँडलला धरून ढकललं की. गाडी ढकलायची तर चावी बंद, हा एकच उपाय. सोबत थ्रॉटल थोडा खाली फिरवून घ्या, म्हणजे ढकलताना अंगठा दांडीवर न येता मुठीखाली जाईल, लांबच्या रस्त्याला अंगठा दुखतो तेही कमी होईल.

प्रश्न : माझी नंबरवाली मोठी ई-स्कूटर आहे, तिला हा थ्रॉटल बसेल का? आत सहा वायरी दिसतात.
– एक वाचक, शहादा

उत्तर : नका बसवू. सहा वायरी म्हणजे बहुतेक दोन सेन्सर, कंट्रोलर दोघांचे आकडे ताडून बघतो आणि जुळले नाहीत तर गाडी चालूच करत नाही, त्यामुळे तीन वायरींचा थ्रॉटल तिथे चालायचा नाही. शिवाय वॉरंटी जाते, आणि रजिस्टर गाडीत मनाने बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या गाड्या रजिस्ट्रेशनमधून सुटतात, तुमची त्यातली नाही. हाताचा त्रास असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज देऊन विचारा, तोंडी विचारलं तर काउंटरवरचा पोरगा नाहीच म्हणतो.